सहीखालची तारीख

सरकारी कार्यालयात नव्याने रुजू झालेल्या अधिकाऱ्याला पहिल्या आठवड्यात ज्या सूचना मिळतात त्यांत एक हमखास असते : सही करा, आणि सहीखाली तारीख घाला. सूचना इतकी साधी आहे की ती कोणी फारशी मनावर घेत नाही. सुमारे तीस वर्षांच्या नोकरीनंतर माझे मत असे झाले आहे की आपल्या प्रशासनात खोट्या सह्या क्वचितच आढळतात, खोट्या तारखा मात्र सर्रास आढळतात. सही कोणाची, याबद्दल वाद सहसा होत नाही. ती केव्हा केली, हा प्रश्न चौकशीत, लेखापरीक्षणात आणि न्यायालयात पुनःपुन्हा उभा राहतो, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी सही करणाऱ्याच्या शब्दाखेरीज आपल्यापाशी बहुधा काहीच नसते.

मध्यंतरी एका तरुण सहकाऱ्याच्या मदतीने मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती दस्तऐवजावर डिजिटल स्वाक्षरी करवते आणि त्या स्वाक्षरीवर त्रयस्थाकडून वेळेचा शिक्का आणते. या शिक्क्याला मी येथे कालमुद्रा म्हणेन. ती स्क्रिप्ट लिहिताना ज्या गोष्टी आठवल्या आणि ज्या नव्याने समजल्या, त्या वाचकांसमोर ठेवाव्यात असे वाटले.

आमचे वडील टपाल खात्यात होते. सातारा जिल्ह्यातील एका मोठ्या खेड्यात ते पोस्टमास्तर असताना आम्ही पोस्टाच्याच इमारतीत मागच्या बाजूला राहत असू. सकाळी कचेरी उघडली की त्यांचे पहिले काम म्हणजे तारखेच्या शिक्क्यातले अंक बदलणे. कालचा अंक काढायचा, आजचा बसवायचा, शाईच्या गादीवर शिक्का टेकवून एका वहीत त्याचा स्वच्छ ठसा घ्यायचा आणि शेजारी सही करायची. त्यानंतरच खिडकी उघडायची.

मी आठ-नऊ वर्षांचा असतानाचा प्रसंग आहे. माझ्या आतेभावाला एका नोकरीसाठी अर्ज पाठवायचा होता. अंतिम तारखेपर्यंतचा पोस्टाचा शिक्का चालणार होता. आदल्या दिवशी त्याची एसटी चुकली आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याला बरोबर घेऊन आला. आत्या वडिलांना म्हणाली, "दादा, एक अंक तर मागे घ्यायचा. कोणाला कळणार आहे?" वडिलांनी अर्ज घेतला, त्यावर त्या दिवसाचाच शिक्का मारला आणि थैलीत टाकला. अर्ज नामंजूर झाला. त्या वर्षी आत्या भाऊबिजेला आली नाही. मला वडिलांचा फार राग आला होता, आणि तो पुष्कळ वर्षे टिकला.

आता माझी स्वतःची हकीगत सांगतो. १९९७ साली मी पूर्व भारतातील एका केंद्रीय कार्यालयात कनिष्ठ अधिकारी होतो. कार्यालय भाड्याच्या इमारतीत होते. भाडेकरार जुन्या दराने वाढवून घेण्याचा हक्क आम्हाला होता. त्यासाठी घरमालकाला ३० जूनपर्यंत लेखी कळवणे आवश्यक होते. आमच्या शाखेतील बडे बाबू, निवृत्तीला चार-पाच वर्षे उरलेले लिपिक, यांनी ९ जूनला टिपणी लिहून नस्ती पुढे पाठवली. १० जूनला ती माझ्याकडे आली. मी वाचली, आद्याक्षरे केली आणि वर पाठवली. आद्याक्षरांखाली तारीख घातली नाही, कारण घाईत ती न घालण्याची मला सवय होती. वरिष्ठ दौऱ्यावर होते. नस्ती त्यांच्या टेबलावर पडून राहिली आणि ३० जून उलटून गेला.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात वरिष्ठांनी मला बोलावले. ते रागावले नव्हते, उलट अगदी सौम्यपणे बोलत होते. "तुमच्या सहीखाली तारीख राहिली आहे. २ जुलै घाला." मी घातली. हे लिहायला आज जेवढा वेळ लागला तेवढाही त्या वेळी लागला नाही.

पुढे नव्या दराने भाडे द्यावे लागले, लेखापरीक्षणात आक्षेप निघाला आणि जबाबदारी निश्चित करण्याची वेळ आली. कागदावर दिसत होते ते असे : लिपिकाची टिपणी ९ जूनची, अधिकाऱ्याकडे ती पोचली २ जुलैला. बडे बाबूंच्या नस्ती-नोंदवहीत १० जूनची नोंद होती, पण पुढे माझ्या शिपायाची सही नव्हती. चौकशी अधिकाऱ्याने निष्कर्ष काढला की टिपणी उशिरा लिहून तिच्यावर मागची तारीख घातली असावी. म्हणजे खरी तारीख खोटी ठरली आणि खोटी तारीख खरी ठरली, केवळ एक लिपिकाची होती आणि दुसरी अधिकाऱ्याची म्हणून. बडे बाबूंची एक वेतनवाढ वर्षभरासाठी रोखली गेली. नियमांच्या भाषेत ही किरकोळ शिक्षा आहे. आदेश हातात घेतल्यावर ते माझ्या खोलीत आले आणि एवढेच म्हणाले, "तारीख तो आपने ही डाली है, साहब." मी काही बोललो नाही. त्यानंतर दोन वर्षे ते मला रोज नमस्कार करीत असत.

असो. आता मूळ विषयाकडे वळतो.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला आणि डिजिटल स्वाक्षरीला आपल्याकडे कायद्याची मान्यता मिळाली. तिचे तत्त्व थोडक्यात असे. संगणक दस्तऐवजाचा एक गणिती ठसा काढतो. याला हॅश म्हणतात. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या एसएचए-२५६ या पद्धतीने निघणारा ठसा ६४ अक्षर-अंकांचा असतो, मग दस्तऐवज एका पानाचा असो की हजार पानांचा. त्यात एक स्वल्पविराम बदलला तरी सगळा ठसा बदलतो, आणि ठशावरून मूळ मजकूर परत मिळवता येत नाही. हा ठसा स्वाक्षरी करणाऱ्याच्या गुप्त किल्लीने बांधला जातो. किल्ली यूएसबी टोकनमध्ये असते आणि तिची नक्कल बाहेर काढता येत नाही. तिच्या जोडीची जाहीर किल्ली वापरून कोणीही स्वाक्षरी पडताळू शकतो.

यातून दोन गोष्टी सिद्ध होतात : स्वाक्षरी कोणत्या किल्लीने झाली, आणि नंतर मजकुरात फेरफार झाला की नाही. शिवकालीन पत्रांच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' ही मुद्रा उमटवीत, जेणेकरून मजकुराखाली कोणाला ओळ वाढवता येऊ नये. डिजिटल स्वाक्षरी ते काम पत्राच्या प्रत्येक अक्षरासाठी करते. तारखेचे मात्र तसे नाही, आणि हे मला फार उशिरा कळले.

एका रविवारी मी घरी एक प्रयोग केला. संगणकाचे इंटरनेट बंद केले, घड्याळ महिनाभर मागे नेले आणि एका कोऱ्या पीडीएफवर माझ्या स्वतःच्या टोकनने स्वाक्षरी केली. घड्याळ पूर्ववत करून फाइल उघडली. स्वाक्षरी वैध दिसली आणि तारीख महिन्यापूर्वीची दिसली. बारकाईने तपशील उघडल्यावरच एक ओळ सापडली : ही वेळ स्वाक्षरी करणाऱ्याच्या संगणकाच्या घड्याळावरून घेतली आहे. इतके गणित, इतका कायदा, आणि शेवटी तारीख घालणारा हात माझाच! १९९७ साली पेन होते, आता घड्याळ होते, एवढाच फरक.

यावरचा उपाय जुना आहे. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोघांनी १९९१ साली दस्तऐवजाला काळाचा शिक्का कसा मारावा यावर निबंध लिहिला. पुढे १९९५ पासून त्यांच्या पद्धतीने निघणारे एकत्रित ठसे 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये छोट्या जाहिरातीच्या रूपाने छापले जाऊ लागले. छापून घरोघर गेलेले वर्तमानपत्र कोणाला मागे जाऊन बदलता येत नाही, ही त्यामागची कल्पना. आज सर्वत्र वापरली जाणारी पद्धत ऑगस्ट २००१ मध्ये आरएफसी ३१६१ या क्रमांकाच्या लेखाने ठरली. तिच्यात आपण दस्तऐवजाचा किंवा स्वाक्षरीचा फक्त ठसा त्रयस्थ सेवेकडे पाठवतो. ती सेवा त्या ठशाला आपल्या घड्याळाची वेळ जोडते, दोन्हींवर मिळून स्वतःची स्वाक्षरी करते आणि उत्तर परत पाठवते. आपल्याकडे नियंत्रकांनी परवाना दिलेले प्रमाणन प्राधिकारी ही सेवा देतात. भारतीय प्रमाणवेळ दिल्लीतील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला यातील एक बाब विशेष मोलाची वाटते. साक्षीदार विश्वासार्ह कधी ठरतो? निकालात त्याचा काही लाभ नसतो तेव्हा. कालमुद्रा देणाऱ्या सेवेला केवळ ६४ अक्षर-अंक दिसतात. ते निविदेचे आहेत की भाडेकराराचे, कनिष्ठाचे आहेत की वरिष्ठाचे, हे तिला कळतच नाही. त्यामुळे तिला कोणाची भीड पडत नाही. माझ्या वडिलांना मात्र खिडकीपलीकडे सख्खी बहीण दिसत होती.

आता स्क्रिप्टविषयी. कार्यालयातील नस्त्या ई-ऑफिसमध्ये असतात आणि तेथील नोंदींची वेळ सर्व्हर घालतो, हे चांगलेच आहे. पण समित्यांची इतिवृत्ते, मूल्यमापनाचे तक्ते, बाहेरच्या संस्थांशी होणारे करार असे पुष्कळ कागद स्वतंत्र पीडीएफच्या रूपात फिरतात. आमच्या एका समितीचे पाच सदस्य तीन शहरांत होते. त्यांच्या कागदांसाठी हा खटाटोप होता.

स्क्रिप्ट शंभरेक ओळींची आहे आणि ओपनएसएसएल या मुक्त साधनावर उभी आहे. ती ठरलेल्या फोल्डरमधील प्रत्येक फाइल घेते आणि टोकनकडून स्वाक्षरी करवते. संकेतांक मात्र माणसालाच टाकावा लागतो आणि तो तसाच टाकावा. मग ती स्वाक्षरीचा ठसा काढून विनंती तयार करते. विनंतीत एक यादृच्छिक अंक घातलेला असतो, म्हणजे कोणी जुनेच उत्तर पुन्हा गळ्यात मारू शकत नाही. ही विनंती शंभर बाइटांहूनही लहान असते. उत्तर आले की ठसा जुळतो का, अंक जुळतो का, सेवेचे प्रमाणपत्र वैध आहे का, हे तपासून स्क्रिप्ट कालमुद्रा फाइलला जोडते आणि नोंदवहीत एक ओळ लिहिते. प्रत्येक ओळीत आदल्या ओळीचा ठसा असतो, त्यामुळे मधली ओळ गाळली तर पुढची साखळी तुटते.

पहिल्या मसुद्यात माझ्या सहकाऱ्याने एक सोय केली होती. सेवेकडून उत्तर आले नाही तर स्क्रिप्ट आपल्याच संगणकाची वेळ घालून पुढे जाई. मी कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "सर, काम न रुके, इसलिए." प्रशासनातले अनेक अपघात मी याच वाक्यापाशी सुरू झालेले पाहिले आहेत. ती सोय आम्ही काढून टाकली. आता उत्तर आले नाही तर स्क्रिप्ट थांबते, तसे सांगते आणि काहीही करीत नाही.

पहिल्याच महिन्यात गंमत झाली. बैठकीच्या दिवसाची तारीख असलेल्या एका इतिवृत्तावर शेवटच्या सदस्याची कालमुद्रा नऊ दिवसांनंतरची निघाली. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. इतिवृत्त उशिरा तयार होते आणि तारीख बैठकीची घातली जाते, ही आपली नेहमीची रीत. आम्ही 'बैठकीचा दिनांक' आणि 'स्वाक्षरीचा दिनांक' अशा दोन ओळी करून टाकल्या. दोन सदस्य काही दिवस नाराज होते.

खरी परीक्षा ३१ मार्चला झाली. हा दिवस सरकारी दिनदर्शिकेत सर्वाधिक ताणला जाणारा दिवस आहे. वर्षअखेरीस खर्चाची घाई करणे हा वित्तीय औचित्याचा भंग आहे असे सर्वसाधारण वित्तीय नियम सांगतात, आणि तरी ती घाई दरवर्षी होते. त्या रात्री एका लहान संस्थेच्या अनुदानाचे मंजुरीपत्र तयार होईपर्यंत मध्यरात्र उलटली. चूक संस्थेची नव्हती, आमच्याकडेच एक शेरा उशिरा मिळाला होता. स्वाक्षरी झाली तेव्हा एक वाजून दहा मिनिटे झाली होती. कालमुद्रेत वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहिलेली असते, आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पडद्यावर दिसले : ३१ मार्च, १९ वाजून ४० मिनिटे. सहकाऱ्याचा चेहरा उजळला. "सर, यूटीसी में तो इकतीस ही है!"

क्षणभर मलाही मोह झाला, हे कबूल करतो. कोणी खोटे बोलत नव्हते, यंत्रानेच तारीख दिली होती. पण आमचे वित्तीय वर्ष ग्रिनिचमध्ये संपत नाही. पत्र १ एप्रिलचेच ठरले, त्या वर्षाची तरतूद व्यपगत झाली आणि त्या संस्थेला नव्या वर्षात पुन्हा सगळ्या पायऱ्या चढाव्या लागल्या. पैसे मिळायला चार महिने लागले. संस्थेच्या सचिवबाई मला भेटायला आल्या होत्या. त्या आवाज न चढवता बोलल्या आणि चहा न घेता गेल्या. मला आत्या आठवली. खरी तारीख सांगण्याची किंमत असते आणि पुष्कळदा ती भलत्याच माणसाला मोजावी लागते, हे वडिलांना त्या सकाळी ठाऊक नसेल असे मला आता वाटत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही स्क्रिप्टमध्ये दोन्ही वेळा शेजारी शेजारी लिहिण्याची व्यवस्था केली, आणि शेरे देण्याची अंतिम तारीख पंधरा दिवस अलीकडे आणली. दुसरी सुधारणा अधिक उपयोगी ठरली.

या साधनाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. कालमुद्रा एवढेच सांगते की अमुक क्षणी हा दस्तऐवज याच रूपात अस्तित्वात होता. तो त्याच दिवशी लिहिला किंवा त्यातला मजकूर खरा आहे, असे ती सांगत नाही. एखादा चतुर अधिकारी परस्परविरोधी दोन टिपण्यांवर कालमुद्रा घेऊन ठेवील आणि सोयीची तेवढी पुढे करील. साखळी असलेली नोंदवही त्याचसाठी लागते. ठशाच्या पद्धतीही कालांतराने दुबळ्या होतात. एसएचए-१ या जुन्या पद्धतीत एकच ठसा असलेल्या दोन निराळ्या पीडीएफ २०१७ मध्ये संशोधकांनी तयार करून दाखवल्या. म्हणून दीर्घकाळ जपायच्या कागदांवर जुनी मुद्रा दुबळी होण्याआधी नवी घ्यावी लागते.

तरीही लाभ मोठा आहे. डिजिटल स्वाक्षरीचे प्रमाणपत्र दोन-तीन वर्षांत संपते. त्यानंतर ती स्वाक्षरी प्रमाणपत्र चालू असतानाच झाली होती, हे दाखवायला कालमुद्रेसारखा पुरावा नाही. कायद्याचाही कल याच दिशेला आहे. इलेक्ट्रॉनिक अभिलेख केव्हा रवाना झाला हे ठरवताना माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम १३ पाठवणाऱ्याचे म्हणणे पाहत नाही. पक्षांनी वेगळे ठरवले नसेल तर तो अभिलेख पाठवणाऱ्याच्या नियंत्रणाबाहेरील संगणकात शिरला तो क्षण धरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यातच हॅश लिहिण्याची जागा आहे. ज्या वाचकांना आपली भाडेपत्रे, करार किंवा संशोधनाची टिपणे जपायची आहेत त्यांनी या सेवेची ओळख जरूर करून घ्यावी. विनामूल्य सेवाही उपलब्ध आहेत. कायदेशीर कामासाठी मात्र परवानाधारक सेवाच वापरावी.

स्क्रिप्ट नीट चालू लागल्यावर एका संध्याकाळी मी १९९७ ची हकीगत एका पानावर लिहून काढली : नस्ती माझ्याकडे १० जूनला आली होती, २ जुलै ही तारीख मी नंतर घातली, बडे बाबूंची टिपणी खरी होती. स्वाक्षरी केली आणि कालमुद्रा घेतली. ते पान त्या कार्यालयाकडे पाठवले. बडे बाबूंच्या घरचा पत्ता शोधला, तेव्हा ते वारून बरीच वर्षे झाल्याचे समजले. त्यांच्या मुलाला एक प्रत पाठवली. उत्तर आलेले नाही, आणि ते यावे अशी अपेक्षा करण्याचा मला अधिकार नाही.

त्या पानावरची कालमुद्रा मी पुन्हा पडताळून पाहिली. ती वैध आहे. तिच्यात तारीख मी लिहिले त्या दिवसाची आहे.